दारापर्यंतचा जादूगार

दर रविवारी दुपारी जेवणं आटोपली की पाषाणच्या माझ्या फ्लॅटमधल्या डायनिंग टेबलावर एक मेलेला माणूस येऊन बसतो. मेलेला म्हणजे अर्धवट मेलेला. नुसती हाडं उरलेली, अंगावर कसर लागलेला झगा, डोक्यावर मुकुट, आणि अक्कल मात्र पूर्ण शाबूत. इंग्रजीत याला लिच म्हणतात. फँटसी रोल-प्लेइंग गेममधल्या खलनायकांत हा सगळ्यात हुशार. जिवंतपणी मोठा जादूगार असतो, मरायची तयारी नसते, म्हणून स्वतःचा जीव अंगातून काढून एखाद्या वस्तूत कोंडतो आणि ती वस्तू कुठेतरी लपवून ठेवतो. मग त्याला कितीही वेळा तोडा, झोडा, पुन्हा उभा. ती वस्तू कुणीतरी शोधून नष्ट करेपर्यंत तो काही जात नाही.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. यात सोंगट्या पुढे सरकवून कुणी जिंकत नाही. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि जिथे अडेल तिथे फासा टाकतात. फाशाला वीस बाजू असतात. गोष्ट सांगणाऱ्याला गेम मास्टर म्हणतात आणि आमच्याकडे ते काम माझं. आठवडाभर मी एका कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. रविवारी निदान स्वतःच्या चुका करायला मिळतात.

खेळायला तिघं येतात. एक आहेत सदाशिव पेठेतले दातांचे डॉक्टर. त्यांचं पात्र चोराचं आहे. "आयुष्यभर लोकांच्या तोंडात हात घातला, आता खिशात घालून बघतो," असं त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. दुसरी आर्किटेक्चर शिकणारी एक मुलगी. ती चेटकीण होते, आणि तिच्या बोलण्यात मराठी शब्द पोह्यांतल्या शेंगदाण्यांइतपत असतात. तिसरा माझ्या ऑफिसमधला, मुळशीकडच्या गावातला. त्याचं पात्र गदा घेऊन फिरतं, आणि प्रश्न कुठलाही असो, त्याचं उत्तर गदा हेच असतं.

आवाज होतो हे मान्य. एकदा भर दुपारी आमच्याकडून "आधी पाय तोडा, मग मुंडकं!" अशी आरोळी गेली आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली, 'रविवारी दुपारी मुडदे पाडणाऱ्या सभासदांनी खिडक्या लावून घ्याव्यात. इतरांच्या झोपेला हरकत नसावी.' खाली सही नव्हती, पण अक्षर सेक्रेटरींचं होतं.

लिचला मराठीत काय म्हणायचं यावर आमचा एक अख्खा रविवार वाया गेला. म्हणजे चहा, भडंग आणि भांडण यांत गेला, त्याला वाया म्हणता येणार नाही. वेताळ म्हणावा तर तो भुतांचा राजा. त्याची पालखी, त्याचं सैन्य, त्याला कारभार बघायला लागतो, जीव लपवत बसायला वेळ कुठला? खवीस म्हणजे नुसता दांडगा. मुंजा बिचारा पोरसवदा, पिंपळावर बसून वाटसरूंना खडे मारणारा. त्यातल्या त्यात जवळचा समंध. चांगला शिकलेला, पण विद्या किंवा धन कुणाला न देता मेलेला, आणि मेल्यावरही त्यावर बसून राहिलेला.

"समंध म्हणजे निवृत्तीनंतरही डिपार्टमेंटमध्ये येऊन बसणारा प्राध्यापक," डॉक्टर म्हणाले. "जातही नाही आणि शिकवतही नाही."

तरी फरक उरतोच. आपल्याकडे भूत व्हायला शिक्षण लागत नाही. काही खायचं राहिलं, कुणाचं लग्न बघायचं राहिलं, झालं भूत. लिच मात्र अभ्यास करून, परीक्षा देऊन भूत होतो. मला त्याच्याबद्दल जरा आदरच आहे. जीव बाहेर काढून ठेवण्याची युक्ती मात्र आपल्याला नवी नाही. सात समुद्रांपलीकडे बेट, बेटावर झाड, झाडावर पिंजरा, पिंजऱ्यात पोपट आणि पोपटात राक्षसाचा जीव, हे आपण सगळेच ऐकत आलो.

"मग त्यात अवघड काय हाय?" मुळशीकर म्हणाला. "पोपट धरायचा आन् मुंडी पिरगाळायची."

या सगळ्या प्रकाराला घरातल्या एका माणसाचा विरोध होता, आणि तो माणूस गॅलरीत पेपर वाचत बसलेला असायचा. ते माझे बाबा. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मूळचे वर्धा जिल्ह्यातले, ऐन तारुण्यात नोकरीसाठी खडकीला आले आणि इथेच राहिले. भाषा मात्र बरीचशी तिकडचीच ठेवली. आमचं घर बौद्ध. आजोबांच्या पिढीनं देव सोडले, आणि देवांच्या मागून भुतंही जातील असा सगळ्यांचा अंदाज होता. पण भुतं चिवट. ती घालवायला बाबांना आयुष्यभर तोंड वाजवावं लागलं. नातेवाइकांत कुणाच्या अंगात आलं की बाबा जाऊन त्याला आधी दवाखान्यात नेत आणि मग झापत.

अशा माणसाच्या लेकीनं मोठी होऊन काय करावं, तर पगारातून पैसे टाकून परदेशातून हाडांच्या सापळ्यांची चित्रं असलेली पुस्तकं मागवावीत.

"भुतं सोडाले आपल्याले पिढ्या लागल्या," बाबा मला म्हणाले होते, "आन् तू त्याइले रविवारी चहाले बोलावतं."

मी त्यांना आणखी एक कप चहा नेऊन दिला, एवढंच.

बाबा माझ्याकडे राहायला आले ते आई गेल्यावर. ती गेल्या वर्षी गेली. आजार फार लांबला नाही, आणि लांबला नाही म्हणून लोक आम्हाला समजवायचे, जणू काही सवलतच मिळाली होती. बाबा कपड्यांची एक बॅग आणि रेडिओ घेऊन आले. तेव्हापासून त्यांनी आईचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. मी विषय काढला की ते म्हणत, "अनित्य आहे सगळं," आणि पेपर उघडत. हा शब्द मी लहानपणापासून विहारात ऐकला आहे, मला तो आवडतो. पण बाबा तो कुलपासारखा वापरत होते आणि मला त्याचा राग यायचा. मला त्यांना रडवायचं नव्हतं. मला आईबद्दल कुणाशी तरी बोलायचं होतं, आणि त्यातही मला तिच्या एका गोष्टीचा शेवट हवा होता. तो माहीत असेल असा जगात एकच माणूस उरला होता आणि तो पेपरामागे बसला होता.

ती गोष्ट आता सांगायला हवी.

आमचं लहानपण खडकीच्या क्वार्टर्समध्ये गेलं. संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला की आई भाकरीचं पीठ परातीत घ्यायची. मी आणि धाकटा भाऊ तिच्या पायात पायात येऊ नये म्हणून आम्हाला भिंतीला टेकवून बसवायची आणि गोष्ट सुरू करायची. बाबा भोंग्यानंतर लगेच येत नसत. फाटकाशी चहा, गप्पा, मग भाजी. तेवढा वेळ आमचा. बाबांनी घरात भुताखेतांच्या गोष्टींना सक्त बंदी केलेली, त्यामुळे ती गोष्ट ऐकण्यात जास्तच मजा होती.

गोष्टीत एक जादूगार होता. त्याला सगळं यायचं, फक्त मरायला यायचं नाही, म्हणजे मरायची भीती वाटायची. म्हणून त्यानं मंत्र म्हटला आणि अंगातला जीव बाहेर काढला. "वाटाण्याच्या शेंगेतून दाणा काढतात ना, तस्सा," आई म्हणायची आणि पिठाचा एक गोळा चिमटीत उचलून दाखवायची. आता हा जीव ठेवायचा कुठे? झाडात ठेवावा तर झाड तोडतात. नदीत ठेवावा तर वाहून जातो. पोपटात ठेवला होता म्हणे एका राक्षसानं. इथे आई भाकरी थापायची थांबायची. "अरे, पण पोपट जगतो किती? एवढं शिकून त्या राक्षसाला एवढं कळू नये?"

आईचा जादूगार व्यवहारी होता. त्यानं जीव एका फडक्यात बांधला, पुरचुंडी केली आणि चालत चालत एका गावाच्या कडेच्या घरी गेला. तिथल्या बाईला म्हणाला, "माय, हे बियाणं आहे. सांभाळून ठेव, मी येतो." बाईनं ती पुरचुंडी उतरंडीच्या तळच्या मडक्यात ठेवली आणि जादूगार निघून गेला. मग त्याला भूक लागेना, तहान लागेना, झोप येईना. डोंगर चढला तरी धाप नाही. लोक जेवायला बसले की तो नुसता बघायचा. बरीच वर्षं अशी गेली. आणि एके दिवशी फिरत फिरत तो पुन्हा त्या घराच्या दाराशी आला आणि म्हणाला, "माय, माझी पुरचुंडी?"

इथे गल्लीत सायकलची घंटी वाजायची.

"सतरा एके सतरा!" आई त्याच दमात म्हणायची, आणि आम्ही दोघं बेंबीच्या देठापासून, "सतरा दुणे चौतीस!" बाबा सायकल स्टँडला लावून आत येईपर्यंत आम्ही सतरा साती एकोणीसाशेपर्यंत पोचलेले असायचो. जुन्या पाढ्यांत एकोणीसाशे म्हणजे एकशे एकोणीस. भाऊ तसं म्हणायचा आणि आम्हाला हसू फुटायचं. "अभ्यास चालला का? शाबास," बाबा म्हणायचे. भाऊ आज बँकेत चांगल्या हुद्द्यावर आहे आणि त्याचं श्रेय मी त्या जादूगारालाच देते.

तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या दिवशी पुढचं ऐकायचं. पण मुलांना पुढचं नको असतं, पहिल्यापासून हवं असतं. आम्हाला तो पिठाचा गोळा हवा असायचा, पोपटाची फजिती हवी असायची. दुसऱ्या दिवशी आई पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, जादूगार पुन्हा दारापर्यंत यायचा, पुन्हा घंटी वाजायची. मग आम्ही मोठे झालो, क्लास लागले, आणि आमचा जादूगार त्या दारातच उभा राहिला. आई होती तोवर विचारावंसं वाटलं नाही. आई काय, आहेच, असं वाटायचं.

आई गेल्यावर मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "मेला असेल."

"कसा पण?"

"अगं मेला ना, पुरे की."

बाबांनाही मी एकदा सरळ विचारलं होतं. आईच्या त्या जादूगाराचं शेवटी काय झालं? बाबांनी पेपरावरून नजर उचलली नाही. "आपल्या घरी असं काही नव्हतं," ते म्हणाले. आणि मग तोच शब्द, अनित्य.

तेव्हा मी चिडून ठरवलं की शेवट आपणच करायचा. आईचा जादूगार आणि इंग्रजी पुस्तकातला लिच यांची मी सोयरीक लावून दिली. पुस्तकातला मुकुट आणि झगा, आईची पुरचुंडी. नकाशा काढताना मी फार लांब गेले नाही. खडकवासल्याचं पाणी घेतलं, त्याला काळं केलं, आणि पलीकडच्या डोंगरावर त्याचा किल्ला बसवला. मुळशीकर म्हणाला, "ह्यो रस्ता आमच्या गावाला जातोय, टोल लावू नका." आणि काही महिने, रविवारमागून रविवार, आमची तीन पात्रं त्या काळ्या पाण्याच्या काठानं जादूगाराच्या जिवाचा माग काढत फिरली. डॉक्टरांनी मंडईजवळच्या एका दुकानातून भातुकलीतलं एक इवलंसं पितळी मडकं आणलं, टेबलावर ठेवायला. घासाघीस करताना दुकानदारानं विचारलं, नातीसाठी का? डॉक्टर म्हणाले, "नाही, मुडद्यासाठी." दुकानदारानं ते लगेच पडत्या भावात दिलं.

बाबा गॅलरीतच असायचे. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला हवी होती. पेपर वाचणारा माणूस पान उलटतो. बाबा दुपारभर एकच पान धरून बसलेले असत.

शेवटच्या रविवारी पात्रं गावाच्या कडेच्या त्या घरी पोचली. बाईचं काम मी केलं. तिनं उतरंड उतरवली, तळचं मडकं पुढे केलं, पितळी मडक्यातून मी फडक्याची एवढीशी पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. तिघंही खुर्चीत पुढे सरकले. मी सांगितलं की बाहेर पावलं वाजतायत, जादूगार दाराशी आला आहे, काय करायचं ते आत्ता ठरवा.

"ॲसिड," चेटकीण म्हणाली. "ताई, माझ्याकडे एक बॉटल आहे, लेव्हल थ्रीपासून जपून ठेवलीय."

"गदा," मुळशीकर म्हणाला.

"रूट कॅनाल," डॉक्टर म्हणाले. "जीव ठेवून नुसती नस काढू. आयुष्यभर बिल देत राहील."

शेवटी जाळायचं ठरलं. चेटकिणीनं दोन्ही हातांत फासा खुळखुळवला, त्यावर फुंकर मारली आणि टाकला. वीस. पुरा वीस. ती खुर्चीवर चढून नाचली. मी माझा खोल आवाज काढला. या प्रसंगाची मी आठवडाभर तयारी केली होती, ऑफिसच्या मीटिंगांतसुद्धा. "पुरचुंडी पेट घेते," मी म्हणाले. "हिरव्या ज्वाळा छपराला भिडतात. दारातला जादूगार किंचाळतो, त्याची हाडं..."

"नाही जळत ते."

आम्ही चौघांनी एकदम मागे पाहिलं. गॅलरीच्या दारात बाबा उभे होते, पेपराची घडी हातात.

"काय नाही जळत, बाबा?"

"तिनं जाळलीच नाही तर जळन कशी? काहीच्या काही सांगून राह्यली तू." बाबांचा चेहरा, पगाराच्या स्लिपमध्ये चूक सापडली की व्हायचा तसा झाला होता. "त्या बाईले काय सांगतलं होतं त्यानं? पुरचुंडीत काय आहे म्हनून?"

"बियाणं आहे म्हणून."

"मंग? कास्तकाराच्या घरी त्यानं बी देल्लं. मिरीगाचा पाऊस आला. मंग ती बाई काय त्या बियाची उतरंडीत पूजा करन? पेरन ना ती!"

डॉक्टर उठले, स्वतःची खुर्ची बाबांसाठी ओढली आणि स्वतः स्टुलावर बसले. डॉक्टर सहसा कुणासाठी उठत नाहीत, पेशंटसाठीसुद्धा नाही.

"पण काका," ते म्हणाले, "दुसऱ्याची ठेव होती ती."

"सोनं असतं तर ठेवलं असतं तिनं. बी ठेवून काय करता, डॉक्टर?"

"बरोबर हाय काकांचं," मुळशीकर म्हणाला. "घरात ठेवलेलं बी किडतंय. आमची आई पण पेरूनच मोकळी झाली असती."

"वेट, म्हणजे तिनं त्याचा सोल पेरला?" चेटकीण म्हणाली. "काका, हे लिटरली बेस्ट आहे. मग?"

बाबा बसले. पेपर मांडीवर ठेवला, पुन्हा उचलला, शेवटी पुरचुंडीच्या बाजूला टेबलावर ठेवला. मग त्यांनी सांगितलं. ज्वारी आली, चांगली टपोरी. बाईनं घरी खाल्ली, शेजाऱ्याला दिली, गावात कुणाच्या घरी चूल पेटली नाही तर तिथं दिली. वर्षामागून वर्षं तीच ज्वारी पुन्हा पेरत गेली आणि अख्खं गाव ती खात गेलं. जादूगार दाराशी आला, म्हणाला, माय, माझी पुरचुंडी? बाई म्हणाली, पेरली बापा, पण तुझा वाटा मी दर साली बाजूला काढला. बस. आणि तिनं त्याच्यापुढे भाकर ठेवली.

"आन् त्याले भूक लागली," बाबा म्हणाले. "इतक्या वर्सानं. एक भाकर खाल्ली, मंग म्हने, माय, आनखी एक वाढ. जेवता जेवता केस पांढरे झाले त्याचे. पोट भरलं. ओट्यावर टेकून बसला आन् गेला."

"म्हणजे त्याला कुणी मारलंच नाही?" गदावाल्याला हे पटणं अवघड जात होतं.

"कायले मारा लागते? जेवला, म्हातारा झाला, मेला. मानसावानी."

मला खरंतर आनंद व्हायला हवा होता. पण पहिल्यांदा आला तो संताप. वर्षभर मी या माणसाच्या पेपराशी बोलत होते. माझा आवाज नको इतका वर गेला. "बाबा, आईनं तुम्हाला शेवट सांगितला होता, आणि मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात की आपल्या घरी असं काही नव्हतं?"

चेटकीण खुर्चीवरून हळूच खाली उतरून बसली.

"तिनं नाही सांगतला," बाबा म्हणाले. "शेवट नव्हताच तिच्यापाशी. तिच्या मायनं तिले दारापर्यंतच सांगतली होती. पुढची तिच्या मायलेबी येत नव्हती."

"मग हा?"

"हा माझा आहे."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"तुमी झोपले का मी तिले म्हनो, पोराइले भुताच्या गोष्टी सांगू नोको. ती म्हने, बरं. मंग मीच जेवता जेवता इचारो, पुढं काय झालं त्याचं? अर्धी गोष्ट ऐकून मानसाले झोप येते का? ती म्हने, मले नाही ठाऊक. तवा मी म्हनलं, बी देल्लं ना त्यानं, मंग ती बाई पेरन. ती हासली, म्हने, मंग? मंग म्हनलं ज्वारी येईन. असं रोज थोडं थोडं जुळवलं आमी. भाकर तिची होती. वाटा काढून ठेवाचं मी सांगतलं."

"पण मग तिनं तो आम्हाला का नाही सांगितला?"

"ती रोजच म्हने, आज सांगते. मीच नाही म्हनलं." बाबांनी पुरचुंडी उचलली, तिची गाठ पाहिली आणि पुन्हा ठेवली. "सगळ्या क्वार्टरमंधी मी सांगत फिरो, भूत नसते, भूत नसते. आन् घरी पोराइले कळन का आपला बापच जादूगाराच्या गोष्टी जुळवते. मान राह्यली असती का माझी? म्हनून मी घंटी वाजवो. गल्लीच्या तोंडापासूनच वाजवत येवो. तिले समजलं पायजे ना, का आता थांब."

यावर डॉक्टर हसले, मग मुळशीकर, आणि मग बाबाही. मी हसले की रडले ते मला नीट सांगता येणार नाही. रोज संध्याकाळी आमचा बाप स्वतःच्याच गोष्टीला घंटी वाजवून पळवून लावत होता, आणि आम्ही आत सतराचा पाढा म्हणत होतो. आणि ते दोघं, आमचे डोळे मिटले की, भाकरीच्या ताटावर बसून एका मेलेल्या माणसाला कसं जेवू घालायचं याचा विचार करत होते. आईबाबा एकमेकांशी काय बोलत असतील हा प्रश्नच मला कधी पडला नव्हता. मला वाटायचं, भाजी आणि शाळेची फी.

"काका, मला फुल स्टोरी पाहिजे," चेटकीण म्हणाली. "फ्रॉम द टॉप. प्लीज."

"वरची अर्धी माझ्यापाशी नाही," बाबा म्हणाले. "ती सांगे तवा मी सायकलवर राहो. मले तिनं जेवताना दोन वाक्यात सांगतली होती, का असा असा जादूगार होता. पोराइले कशी सांगे, ते मी कधी ऐकलंच नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुले येते ना?"

मला येत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन सकाळच्या कणकेतला एक गोळा घेऊन आले, कारण त्याशिवाय ती गोष्ट सुरू होत नाही. गेम मास्टरचा खोल आवाज बाजूला ठेवला आणि आई सांगायची तशी सांगितली. चिमटीतला दाणा, तोडलेलं झाड, वाहती नदी. पोपटापाशी मी थांबले आणि राक्षसाला शिकल्यासवरल्याबद्दल नावं ठेवली, तेव्हा बाबा एवढ्या मोठ्यानं हसले की त्यांना ठसका लागला. डॉक्टरांनी पाणी दिलं. "अशी म्हने का ती?" बाबांनी विचारलं. मी म्हटलं, अगदी अशीच. ते म्हणाले, "पुढं सांग."

पुरचुंडी उतरंडीत गेली. वर्षं गेली. जादूगार फिरत फिरत त्या घराच्या दाराशी आला आणि म्हणाला, माय, माझी पुरचुंडी? त्याच्यापुढे मला काही येत नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं.

आईच्या गोष्टीत त्या बाईला नाव नव्हतं. ती नुसती गावाच्या कडेच्या घरातली बाई होती. मला वाटलं, बाबाही तसंच सांगतील, मघाशी सांगितलं तसं. त्यांनी चष्मा काढून पेपरावर ठेवला.

"मंग," बाबा म्हणाले, आणि त्यांनी आईचं नाव घेतलं. गल्लीतून हाक मारायचे तसंच, पुरतं नाव. "ती दार उघडून भाईर आली."